तेजलचा मॅक

३ नोव्हेंबर, सोमवार

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दत्ताराम म्हणाला, "काय बिघडतंय, किती वाजता, तेव्हा तू काय करत होतीस, सगळं तारखेनिशी लिही. त्याशिवाय आजार पकडता येत नाही." म्हणून ही वही.

सकाळी दहा वीस : पासपोर्ट फोटो कापताना स्क्रीन निळी पडली.
साडेबारा : पुन्हा.
तीन दहा : रत्नप्रभाबाईंच्या यजमानांच्या ओठांवर काम चालू होतं, तेव्हा. तासाभराचं काम गेलं.

यजमान ऑगस्टमध्ये गेले. त्यांचा एकच बरा फोटो आहे, तोही भिंतीच्या ओलीने खालून खाल्लेला. कपाळ, डोळे, नाक शाबूत. नाकाखाली नुसता पांढरा डाग. तोंड मलाच बनवायचंय. पंतनगरात हे दुकान टाकून अकरा वर्षं झाली, गेलेल्या माणसांची तोंडं मी पुष्कळ बनवली आहेत. आजच हात लागत नव्हता. कॉम्प्युटरमुळेच.

दत्तारामला फोन केला तर म्हणाला, "मदरबोर्ड जातोय गो तुझा. आठ वर्षं झाली त्याला. साकीनाक्याला ये."

४ नोव्हेंबर, मंगळवार

दत्तारामच्या गाळ्यात गेले. त्याच्यासमोर चार कॉम्प्युटर पोट फाडून पडलेले होते. माझा पीसी टेबलावर घेतला, पंख्यातली धूळ फुंकली, एक भाग बदलून चालू करून दिला. "हा महिनाभर ओढेल. मग नवा बांधू. ग्राफिक्स कार्ड असं टाकतो की फोटोतली साडी हलवलीस तर पदर उडेल."

"आणि मॅक घेतला तर?"

त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "मॅक म्हणजे सीलबंद डबा. आतलं काही गेलं तर मी उघडू शकत नाही, तू उघडू शकत नाहीस. विंडोजवर तुझा हात बसलाय. तुझा जुना स्कॅनर त्याच्यावरच चालतो. कशाला नसता उपद्व्याप?"

मला पटलं. पण हर्षदशी बोलल्याशिवाय ठरवता येणार नाही. दुकानाबाहेरचं सगळं काम त्याच्याकडूनच येतं.

दत्तारामने तीनदा सांगितलं की चहा घे. मी तीनदा विचारलं, "झालं का?"

६ नोव्हेंबर, गुरुवार

हर्षदची एजन्सी अंधेरीला, एमआयडीसीत. साड्यांचे, दागिन्यांचे कॅटलॉग करतो. त्याने स्पष्टच सांगितलं, "मीराताई, डिसेंबरचा मोठा कॅटलॉग आहे. तुम्हालाच द्यायचाय. पण आमचं सगळं आता मॅकवर. तुमच्याकडून मोरपंखी येतो, आमच्याकडे निळा दिसतो. प्रत्येक वेळी दुरुस्त करायला माणूस बसवावा लागतो. तीस तारखेपर्यंत मॅकवर या, नाहीतर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

मग त्याने मला एका रिकाम्या मॅकसमोर बसवलं. बघा चालवून, म्हणाला. पेनड्राइव्हवर रत्नप्रभाबाईंचे यजमान होते, तेच उघडले. पडदा खरोखर सुरेख. कातडीवरचं रंध्र न् रंध्र दिसतं. पण बोटं सारखी कोपऱ्यातल्या कंट्रोलच्या बटणाकडे जात होती आणि तिकडे काही होत नव्हतं. इथे सगळं अंगठ्याखालच्या कमांडवर. आपल्याच घरात दिव्याची बटणं कुणीतरी हलवून ठेवावीत तसं.

यजमानांचं तोंड तिथे वेगळं दिसलं. जास्त जिवंत. मला बघून हसल्यासारखं. मी फाइल बंद केली.

निघताना हर्षद म्हणाला, "नवा घ्यायची गरज काय? तेजलचा आहे ना तुमच्याकडे? चांगला होता तो."

"आहे. बंद असतो."



७ नोव्हेंबर, शुक्रवार

तेजल माझी बहीण. सात वर्षांनी धाकटी. ती फोटो काढायची, मी दुरुस्त करायचे. मागच्या वर्षी वीस ऑक्टोबरला डेंग्यूने गेली. तेव्हा मी दुकानाच्या माळ्यावर राहायचे, आई आणि ती कांजूरमार्गला. ती गेल्यावर मी कांजूरला आले. आता घरी आम्ही दोघीच.

एवढं लिहून बरं वाटलं. दत्तारामला ही वही दाखवायची असेल तर हे पान फाडावं लागेल.

तिचा लॅपटॉप आतल्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर असतो. आईने जुन्या साडीचं कव्हर शिवलंय. रोज सकाळी कव्हर काढते, कोरड्या फडक्याने वरून पुसते, पुन्हा घालते. झाकण कधी उघडत नाही. आज मी म्हटलं, "आई, हर्षदकडे मॅक लागणार आहे. हाच वापरला तर?"

"त्याला हात लावू नकोस."

"नुसता पडून खराब होईल गं."

"होऊ दे." मग थोड्या वेळाने, "त्यात काय काय असेल, तुला कशाला बघायचंय?"

बिचारी. लेकीची वस्तू म्हणून जीव अडकलाय. मी विषय सोडला. खरं तर मलाही सुटल्यासारखं वाटलं. विंडोजच बरं.

१० नोव्हेंबर, सोमवार

रत्नप्रभाबाई फोटो घ्यायला आल्या. मी मोठा प्रिंट काढून काउंटरवर ठेवला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"छान केलाय हो," म्हणाल्या. "पण हे आमचे नव्हेत."

"डोळे, नाक सगळं त्यांचंच आहे. फक्त..."

"हो. डोळे त्यांचेच. पण हसतायत कुणीतरी दुसरेच." मग ओशाळून म्हणाल्या, "मी म्हातारी, मला कळत नसेल. पण एकोणचाळीस वर्षं समोर बसून जेवले मी त्या माणसाच्या."

परत करून देते म्हटलं. मॉनिटरचा दोष असणार. रंग घसरला की सावल्या घसरतात, सावल्या घसरल्या की ओठांचा आकार बदलतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हर्षदकडून रंग मोजायचं यंत्र आणलं. मॉनिटरवर पालीसारखं चिकटून बसतं आणि खालून एकेक रंग जातो. मॉनिटर थोडा पिवळा निघाला. दुरुस्त केला. यजमानांचं तोंड पुसून पहिल्यापासून केलं. मोबाइलवर पाहिलं, हर्षदला पाठवून त्याच्या मॅकवर बघायला सांगितलं. "मस्त," म्हणाला. त्याने यजमानांना कुठे पाहिलंय?

संध्याकाळी गल्लीतल्या नंदाताई नातीच्या वाढदिवसाचा बॅनर बघायला आल्या. पोरगी चार वर्षांची, फोटोत रडवेली होती. मी ओठ जरा वर उचलले, एवढंच.

"अगं, ही मोठी का दिसतेय?" नंदाताई म्हणाल्या. "बाई दिसतेय. भूत दिसल्यासारखं झालं मला."

हसत हसतच म्हणाल्या. मी ओठ पूर्ववत केले. रडवेली तर रडवेली.

आठ वर्षांची जुनी मशीन. आणखी काय होणार.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सम्यक आला होता. भांडुपचा. तेजल आणि तो जोडीने लग्नं करायचे, तो व्हिडिओ, ती फोटो. वर्षभर फिरकला नव्हता. "जय भीम, मीराताई," म्हणाला आणि दारातच उभा राहिला. स्टुलावर बस म्हटलं तर बसेना. ते स्टूल तेजलचं.

त्याच्या मते मॅक-विंडोज वाद फालतू आहे. "चांगला पडदा, भरपूर मेमरी आणि हाताची सवय. बाकी सगळी दुकानदारी. तुमच्या हाताला काय हवंय ते बघा." बोलता बोलता त्याची नजर स्क्रीनवर गेली. यजमान उघडेच होते. तो दोन पावलं आत आला.

"हे कोण?"

"एक गिऱ्हाईक. भटवाडीच्या बाईंचे यजमान."

"तोंड तुम्ही बनवलंत?"

"हो. का, शार्प जास्त झालंय?"

"नाही," म्हणाला. "शार्पचं काही नाही." आणि रस्त्याकडे बघत राहिला. शेवटी स्टुलावरच बसला.

तो कामासाठी आला होता. मुलुंडच्या श्रुतिका आणि आकाशचं लग्न तेजलने शेवटचं केलं, सहा ऑक्टोबरला. त्यांना फोटो मिळालेच नाहीत. तेजलचं कळल्यावर त्यांनी कधी मागितलेही नाहीत. "पण त्यांच्याकडे लग्नाचा एक फोटो नाहीये, ताई. तिने कॅमेऱ्याचं कार्ड मॅकमध्ये उतरवून घेतलं होतं. एडिटही करत होती बहुतेक."

"मला माहीत नाही."

"ताप होता तेव्हा करत होती का काम? तुम्हाला सांगितलं होतं तिने, ताप आहे म्हणून?"

"नाही," मी म्हटलं. "तिला दवाखान्यात नेल्यावर मला कळलं."

१५ नोव्हेंबर, शनिवार

कालचं शेवटचं वाक्य खोटं आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी आई विहारात गेली. महिला मंडळाची बैठक होती. मी पोटात दुखतंय सांगून दुकान बंद ठेवलं आणि घरी राहिले.

कव्हर काढलं. झाकण उघडलं. बॅटरी मेलेली. चार्जर कपाटात सापडला, वायर नीट गुंडाळून रबर लावलेला, तेजलने इतकं नीट कधी काही ठेवलं नव्हतं. अर्ध्या तासाने पडदा उजळला.

मधोमध गोलात तिचा फोटो. डावीकडचा ओठ वर, उजवा जागच्या जागी. तिची ती अर्धी हसायची पद्धत. मला एकदम वाटलं, हा चेहरा मी आजकालच कुठेतरी पाहिलाय. म्हणजे अर्थात, बहीण आहे माझी.

पासवर्ड. वाढदिवस टाकला, नाही. आईचं नाव चंपा, नाही. माझं नाव टाकायला हात धजेना, टाकलं, तेही नाही. मग खाली तिने स्वतःसाठी लिहून ठेवलेली खूण आली : "ताईचा ठरलेला प्रश्न."

मी काय विचारायचे तिला? जेवलीस का. कुठे आहेस. पोचलीस का. कॅमेऱ्याची बॅटरी घेतलीस का. सगळं इंग्रजी अक्षरांत टाकून पाहिलं. शेवटी मशीन म्हणाली, एक मिनिट थांबा. मग पाच मिनिटं थांबा.

आई यायच्या आत कव्हर घातलं. चहा घेताना आईने टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कव्हर उलटं घातलंयस," म्हणाली. उठून सरळ केलं. खाडीकडून वारा आला की इथे कचरा डेपोचा वास येतो, तसा आला, म्हणून तिने खिडकी लावली.

एवढी वर्षं तेजल माझ्यासोबत होती आणि मी तिला काय विचारायचे तेच मला आठवत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी पीसी पुन्हा बंद पडला. दत्तारामला फोन लावला. त्याने तिकडून माणूस पाठवायचं कबूल केलं होतं. फोन उचलल्या उचलल्या मी म्हटलं, "झालं का?"

आणि फोन तसाच हातात धरून बसले. तो तिकडून हॅलो हॅलो करत होता.

दुकान ओढून घेतलं, रिक्षाने घरी आले. आई बाजारात गेली होती. इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता, मी तिला पाठवायचे अगदी तसं लिहिलं. उघडलं.

सहा ऑक्टोबरचं लग्न पहिल्याच रांगेत होतं. चारशे बारा फोटो. तीनशे शहाऐंशी पूर्ण. शेजारी तारखा. चौदा ऑक्टोबर, अकरा वाजता. चौदा, दुपारी दोन. पंधरा, सकाळभर. पंधरा, दुपारभर. सोळा, एक फोटो. दुसरा. मधे दोन तास काही नाही. मग आणखी पाच. शेवटचा चार वाजून दहा मिनिटांनी.

सतराला सकाळी तिला ॲडमिट केलं.

तिचं काम नेहमी स्वच्छ असायचं. सोळा तारखेच्या फोटोंत मास्क, म्हणजे रंगाच्या हद्दी, कडेबाहेर सांडल्यात. नवरीच्या कानाजवळ हाताला कंप सुटल्यासारखी एक रेघ आहे.

आता खरं लिहिते. तेरा तारखेला तिचा मेसेज आला होता, "ताई थोडा ताप आहे." मी लिहिलं, "गोळी घे. लग्न सोळापर्यंत संपव, सतरापासून हर्षदच्या दिवाळीच्या पोस्ट घ्यायच्यात. नवरीकडचे डोक्यावर बसलेत." चौदाला, "झालं का?" पंधराला दोनदा, "झालं का?" तिने लिहिलं, "होतंय ताई." सोळाला तिने काही लिहिलं नाही. मी तरी विचारलं.

हे मेसेज मी मागच्या वर्षी पुसून टाकले. दवाखान्यात बसूनच पुसले. ती आत असताना.

आणि झाकण लावण्याआधी पुन्हा एकदा ते गोल आलं. तिथे रत्नप्रभाबाईंचे यजमान बसले होते. नंदाताईंची नात बसली होती. वर्षभर मी बनवलेलं प्रत्येक तोंड तिथे बसून डावा ओठ उचलून माझ्याकडे बघत होतं. पडदा पिवळा नव्हता. मशीन म्हातारी नव्हती. तो हात माझा होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज आईला सगळं सांगितलं. तिच्यासमोर बसून, मेसेज पुसल्यापर्यंत सगळं. वाटलं होतं ओरडेल. एक थोबाडीत तरी मारेल.

ती म्हणाली, "मला ठाऊक होतं तू लावलं होतंस कामाला."

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलू?" आई कव्हराच्या दोऱ्याशी चाळा करत होती. "मीच तिच्या पाठीला उशी लावून दिली. ती म्हणाली, आई, जरा टेकवून बसव, थोडेच राहिलेत, ताई ओरडेल. मी बसवलं. मांडीवर हे ठेवून दिलं. तिचे हात तापलेले होते आणि हेही तापलेलं होतं. मी म्हटलं असतं, बंद कर, झोप, तर तिने ऐकलं असतं. माझं ऐकायची ती. मी चहा करायला गेले."

मग म्हणाली, "मला वाटायचं, ह्याच्यात सगळं उमटत असेल. किती वाजता काय केलं. तू उघडलंस की तुला कळेल, मी घरात होते आणि तिला झोपवलं नाही."

तेरा महिने ती रोज सकाळी ते पुसत होती. मला वाटायचं, माया.

मी तिचा हात धरला नाही, तिनेही माझा नाही. शेवटी आईनेच कव्हर काढून बाजूला टाकलं. "बंद ठेवून काय वाचवलं आपण? चालव. तुझ्या कामाला लागतंय ना, चालव."

२४ नोव्हेंबर, सोमवार

मॅकवर माझ्यासाठी वेगळं खातं उघडलं. आता चालू केलं की दोन गोल येतात, तेजल आणि मीरा. तिचं काढणार नाही.

रत्नप्रभाबाईंना दुकानात बोलावलं. तेजलच्या स्टुलावर बसवलं. म्हटलं, "मी तुमच्या यजमानांना पाहिलेलं नाही. तुम्ही सांगा, मी करते."

"ते हसायचेच नाहीत हो," बाई म्हणाल्या. "बसमध्ये कंडक्टर होते, दिवसभर लोकांशी कटकट. ओठ असे मिटलेले. पण खालचा जरा बाहेर, रुसल्यासारखा."

पुष्कळ वेळ लागला. माझा अंगठा अजून कमांड शोधतो, बोटं चुकतात, मध्येच भलतंच काहीतरी उघडतं. आणि ओठ दोनदा आपोआप डावीकडे वर गेला. दोन्ही वेळा बाईंनी पटकन सांगितलं, "नाही, नाही. हे पुन्हा ते दुसरे आले."

चौथ्या खेपेला त्या काही बोलल्या नाहीत. नुसता पदर तोंडाला लावला.

दत्तारामला कळवलं की मॅकच ठरला. "गद्दार," म्हणाला. मग म्हणाला, जुना पीसी टाकू नकोस, स्कॅनरपुरता जिवंत ठेवून देतो. हर्षदला कळवलं की आले मॅकवर, पण आधी एक लग्न पूर्ण करायचंय, कॅटलॉग त्यानंतर. "चालेल," म्हणाला. चालत नसतं तरी मी हेच कळवलं असतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

उरलेले सव्वीस फोटो संपवले. दिवसाला सहा-सात. सोळा तारखेच्या फोटोंतली ती नवरीच्या कानाजवळची रेघ पुसायला घेतली आणि नाही पुसली. गिऱ्हाइकाच्या फोटोत असा दोष मी आयुष्यात ठेवलेला नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

पेनड्राइव्ह घेऊन मुलुंडला गेले. श्रुतिका आणि आकाश दोघंही घरी होते. श्रुतिकाने टीव्हीला लावून सगळे फोटो बघितले, मंडपातलं वंदन, तिची आजी, जेवणाच्या पंगती. रडली, हसली. रेघ तिला दिसलीच नाही.

मी म्हटलं, "फार उशीर झाला. त्या वेळी तुम्ही इतकी घाई करत होता आणि..."

"आम्ही?" ती आकाशकडे बघू लागली. "आम्ही कुठे घाई केली? मी तर तिला सांगितलं होतं, सावकाश दे, आम्ही दोन महिने गावीच आहोत."

तिला काय वाटलं कोण जाणे, तिने मोबाइल काढला आणि शोधत शोधत मागे गेली. "हे बघा ना. चौदा तारखेचं आहे." आणि मला वाचायला दिलं.

तेजलने लिहिलं होतं : "ताई म्हणते तुम्ही डोक्यावर बसलाय. बसलाय का खरंच?"

श्रुतिकाने लिहिलं होतं, "नाही गं, सावकाश दे."

तेजलने लिहिलं होतं : "वाटलंच मला. माझ्या ताईची जुनी थाप आहे. तिला सांगू नका हं मला कळलं म्हणून, उगाच वाईट वाटेल तिला. देते मी लवकर." आणि शेवटी ते पिवळं तोंड, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेलं.

मी श्रुतिकाला ते मला पाठवायला सांगितलं. पाणी प्यायले. निघाले. स्टेशनपर्यंत चालत आले की रिक्षाने, ते आता आठवत नाही.

आई मेथी निवडत होती. "आवडले का त्यांना?" म्हणाली.

रस्ताभर मी ठरवलं होतं की एवढंच सांगायचं, आवडले. पण तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. कुणालाच घाई नव्हती. घाई माझी होती. आणि तेजूला ते ठाऊक होतं.

आईची बोटं थांबली. मग पुन्हा चालू झाली. एक जुडी पूर्ण संपली.

"वाचून दाखव."

वाचून दाखवलं.

"शेवटी काय आहे ते?"

"हसण्याचं चिन्ह आहे, आई. हसतेय ती."

"बघू."

तिने हात पदराला पुसले आणि मोबाइल घेतला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "बारीक आहे गं. मोठं कर."

मी दोन बोटांनी मोठं केलं. पिवळ्या गोलाच्या कडा तुटायला लागल्या. तोंड एवढं, पाण्याचे थेंब एवढे. याहून मोठं केलं तर नुसते चौकोन दिसतील, हे मला माहीत होतं.

"अजून," आई म्हणाली.

मी केलं.